माकडीण पिल्लू कुणाच्या हातात देत नाही म्हणे, मग मी नोकरी सोडू का?

पत्र थोडं कापून देते, ओळख पटेल असं सगळं काढलंय:

"ताई, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. लग्नाआधीपासून बेळगावात एका खासगी शाळेत शिकवत होते, बाळंतपणाला सुट्टी घेतली. मुलगी आता नऊ महिन्यांची झाली. शाळेतून फोन आलाय, जूनपासून येणार का सांगा नाहीतर दुसरी बघतो. मला जायचंय. सासूबाई एकट्यात म्हणतात जा गं मी बघते, पण जेवायला सगळे बसले की गप्प. नवरा उद्यमबागला फौंड्रीत शिफ्टला असतो, तो म्हणतो तुमचं तुम्ही ठरवा. खरा विरोध धाकट्या दिराचा. त्याला अजून नोकरी नाही, दिवसभर मोबाईलवर ते अल्फा मेलचे, म्हणजे सगळ्यांवर वरचढ असलेल्या पुरुषाचे व्हिडिओ बघतो आणि मला सायन्स शिकवतो. परवा कौलावर वानरांची टोळी आली तर मला बाहेर बोलावून दाखवलं, वहिनी बघा, मादी पिल्लू पोटाशी धरून बसलीय, नर राखण करतोय, हा लाखो वर्षांचा निसर्गाचा नियम, माकडीणसुद्धा पिल्लू दुसऱ्याच्या हातात देत नाही आणि तुम्ही नऊ महिन्यांचं लेकरू टाकून जाणार. पोर सांभाळणं पुरुषाच्या रक्तातच नसतं असंही म्हणतो. मी एमए बीएड आहे पण मराठीत, सायन्स माझा विषय नाही. विज्ञानच असं म्हणत असेल तर मी काय बोलणार. रात्री झोप लागत नाही, मलाच वाटायला लागलंय की मी वाईट आई आहे. खरं काय ते सांगा आणि मी काय करू तेपण सांगा."

अगं, तुझ्या दिरानं उदाहरण द्यायला नेमका चुकीचा प्राणी निवडलाय बघ. कौलं फोडणारी, लांब शेपटाची, काळ्या तोंडाची ती वानरं म्हणजे हनुमान लंगूर, आणि माकडांच्या एवढ्या मोठ्या गोतावळ्यात पिल्लू दुसरीच्या हातात देणाऱ्या आया कोण असं विचारलं तर अभ्यासक जी पहिली चार-दोन नावं घेतात त्यात या आपल्या वानरीणबाई असतात. पुढच्या वेळी टोळी आली की ताट-वाटी वाजवून हाकलायच्या आधी पाच मिनिटं नीट बघ. मोठी वानरं राखाडी-चंदेरी, पण नुकतं जन्मलेलं पिल्लू काळपट असतं आणि तोंड फिक्कं गुलाबी, त्यामुळं लांबूनही ओळखू येतं. ते जन्मलं की टोळीतल्या बाकीच्या माद्या आईभोवती गोळा होतात, हुंगतात, बोटं लावून बघतात आणि थोड्या वेळात एखादी सरळ ओढून घेते, आणि आई देते. बऱ्याचदा जन्माच्या पहिल्याच दिवशी. मग ते काळं गाठोडं हिच्याकडून तिच्याकडं, तिच्याकडून आणखी कुणाकडं असं फिरत राहतं आणि बाळंतीण तोवर निवांत बसून पाला खाते, कारण दूध पाजायचं तर पोट भरायला पाहिजेच की.

यात सगळ्यात पुढं कोण असतात माहितीय का, ज्यांना अजून स्वतःचं पिल्लू झालेलं नाही अशा तरण्या पोरी. त्यांना जमत काहीच नाही, पिल्लू उलटंच धरतात, एका हातानं लोंबकळत ठेवतात, कंटाळा आला की झटकून टाकायला बघतात, ते किंचाळतं, मग आई नाहीतर एखादी जाणती मादी येऊन घेते. पण असंच करत शिकतात, आणि पुढं स्वतःच्या पहिल्या पिल्लाला तेवढाच हात सरावलेला असतो. सारा ब्लॅफर हर्डी म्हणून अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९७१ पासून राजस्थानात माउंट अबूला राहून या वानरांचा अभ्यास केला, त्यांच्या नोंदींमध्ये हे सगळं आहे. तेव्हा दिरानं मादीला पिल्लू पोटाशी धरलेलं बघितलं ते खोटं नाही, पण तीच त्या पिल्लाची आई होती कशावरून?

आता त्याची बाजू पण मांडते, नाहीतर म्हणशील ताईनं सोयीचं तेवढंच सांगितलं. पिल्लू अजिबात कुणाला न देणाऱ्या आयाही आहेत. उत्तर भारतातली ऱ्हीसस माकडं त्या बाबतीत बरीच कडक. आपल्याकडं देवळापाशी नाहीतर घाटात हातातली पिशवी ओढून पळणारी, डोक्यावर केसांची टोपी असलेली जी माकडं, ती त्या मानानं मोकळी. आणि आपल्याला सगळ्यात जवळचे जे बिनशेपटीचे वानर, म्हणजे चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, त्यांच्यात आई पहिले कित्येक महिने पिल्लाला अंगावेगळं करत नाही. दीर म्हणतो तशी आई बघायचीच असेल तर बोर्निओ-सुमात्राच्या जंगलात जाऊन ओरांगउटानची मादी बघावी, नर जवळपाससुद्धा नसतो, ही एकटी पिल्लू घेऊन झाडावर, आणि दूध कितीतरी वर्षं पाजते. पण त्याची किंमत काय, तर तिचं पुढचं पिल्लू सात-आठ वर्षांनी होतं. चिंपांझीचं पाच-सहा वर्षांनी. एकटीनं वाढवायचं म्हटलं की एका वेळी एकच झेपतं, पहिलं स्वतःचं स्वतः खायला लागल्याशिवाय दुसरं नाही.

आणि माणसाचं बघ. आपलं पोर त्या सगळ्यांपेक्षा जास्त काळ परावलंबी, सात-आठ वर्षांचं झालं तरी ताटात वाढून द्यायला लागतं, कॉलेजला गेलं तरी डबा आपणच भरतो, आणि तरी शिकार-कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांतसुद्धा दोन पोरांत अंतर साधारण तीन-चार वर्षांचं. म्हणजे कडेवर एक, बोटाला धरलेलं एक आणि पुढं भूक लागली म्हणून ओरडणारं आणखी एक, हे एकाच वेळी. हा हिशोब एका बाईच्या दोन हातांत बसतच नाही. हर्डी यांचं पुढचं सगळं काम याच्यावरच आहे, त्यांचं म्हणणं असं की माणसाची आई कधी एकटीनं पोर वाढवत नव्हतीच, आजी, मावशी, मोठी बहीण, बाप, शेजारीण असे बरेच हात असायचे म्हणून तर आपण एवढे पसरलो. मध्य आफ्रिकेतल्या इतुरीच्या जंगलात एफे लोक राहतात, त्यांच्या चार महिन्यांच्या बाळांची नोंद ठेवली तेव्हा दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ बाळ आईशिवाय दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होतं. उलट कालाहारी वाळवंटातल्या कुंग लोकांत बाळ जास्त करून आईपाशीच असतं. दोन्हीकडची पोरं धडधाकट वाढतात. मग यातला लाखो वर्षांचा नियम नेमका कुठला धरायचा ते दिरालाच ठरवू दे.

आजीचं तर वेगळंच प्रकरण आहे. बहुतेक प्राण्यांत मादीची पिल्लं व्हायची थांबली की तिचं आयुष्यही संपत आलेलं असतं, बाईचं मात्र पाळी गेल्यावर अजून वीस-तीस वर्षं धडाक्यात चाललेलं असतं, हे कशासाठी हा जुना प्रश्न. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांचे सहकारी टांझानियातल्या, शिकार-कंदमुळांवर जगणाऱ्या हाझा लोकांत १९८० च्या दशकात राहिले तेव्हा त्यांना दिसलं की सगळ्यात जास्त कष्टानं कंद खणून आणणाऱ्या म्हाताऱ्या बायका आहेत, आणि आईला नवं बाळ झालं की अंगावरून सुटलेल्या मोठ्या पोराचं वजन वाढतं की नाही हे आजी किती खणून आणते त्यावर ठरतं. त्यातून निघालेली कल्पना अशी, की म्हाताऱ्या बाईचं एवढं लांबलेलं आयुष्य टिकलं त्यामागं नातवंडं जगवणं हे एक मोठं कारण असणार. वाद आहेत याच्यावर, सगळे मानतात असं नाही. गांबियातल्या खेड्यांचा जुना हिशोब बघितला तर तिथं आईची आई जिवंत असली की लहान पोरं जास्त जगत होती, बापाच्या आईचा तसा फरक दिसला नव्हता, पण हे वाक्य सासूबाईंना वाचून दाखवू नको, त्या आत्ता तुझ्या बाजूनं आहेत.

आता धारवाडला जाऊ, कारण दिराच्या त्या "नर राखण करतोय" ला उत्तर तिथं आहे. तुमच्यापासून लांब नाही, आणि माकडांचा अभ्यास करणाऱ्यांच्या जगात धारवाडचं नाव गाण्यासाठी घेत नाहीत. १९६० च्या दशकाच्या सुरवातीला क्योटो विद्यापीठाचे युकिमारू सुगियामा जपानहून येऊन धारवाडजवळच्या जंगलात वानरांच्या टोळ्यांमागं फिरत होते. एक टोळी, तिच्यात माद्या-पिल्लं आणि एक मोठा नर, आपण ज्याला हुप्प्या म्हणतो तो. बाहेर नुसत्या नरांचे घोळके हिंडत असतात. १९६२ मध्ये त्यांनी बघितलं की अशा घोळक्यानं टोळीवर हल्ला केला, जुन्या हुप्प्याला हाकलला, त्यांच्यातल्या एकानं टोळी ताब्यात घेतली, बाकीच्या नरांनाही हुसकावलं, आणि मग अंगावर पिणारी पिल्लं एकेक करून त्याच्या चावण्यानं मेली. पिल्लं गेलेल्या माद्या थोड्याच दिवसांत परत माजावर आल्या. सुगियामांनी १९६५ मध्ये हे छापलं तेव्हा बऱ्याच लोकांना पटलंच नाही, माकडं असं करतील का, गर्दीमुळं डोकं फिरलं असेल, काहीतरी बिघाड असेल असं म्हणत राहिले. हर्डी अबूला गेल्या त्या याच कोड्यापायी, आणि त्यांनी मांडलं की बिघाड वगैरे काही नाही, नव्या नराला त्या टोळीत दोन-चार वर्षंच मिळणार, तेवढ्यात स्वतःची पिल्लं व्हावीत म्हणून आधीच्याची मारली की माद्या लवकर तयार होतात. कित्येक वर्षं यावर भांडणं झाली, पण पुढं सिंहांपासून कितीतरी प्राण्यांत हेच सापडलं.

तर नर राखण करतोय हे खरंच आहे, पण कुणापासून करतोय? बऱ्याच वेळा त्याच्यासारख्याच दुसऱ्या नरापासून. आणि मादी तरी कुठं नुसती बसून असते, हल्ला झाला की म्हाताऱ्या माद्यासुद्धा एकत्र येऊन त्या नराच्या अंगावर जातात, स्वतःचं पिल्लू नसलेल्या पण जातात. आता कौलावर दिसेल तो सगळा निसर्गाचा नियम म्हणून घरात आणायचा ठरवलं तर हेही आणायला लागेल, मधलं सोयीचं तेवढं उचलून चालायचं नाही. आणि अजून एक गंमत, वानरांत मुलगी कुठं जात नाही, ती आई-मावशीपाशी आयुष्यभर त्याच टोळीत राहते, वयात आलेल्या तरण्या नरानं मात्र टोळी सोडून जायचं असतं. म्हणजे वानरांच्या कायद्यानं तू माहेरीच राहिली असतीस आणि तुझा दीर आत्ता बिनकामाच्या पोरांबरोबर झाडाझाडावरून हिंडत असता. हे त्याला सांगायचं की नाही ते तुझं तू बघ, मला लिहिताना हसू आलं एवढं खरं.

अल्फाबद्दल फार लिहीत नाही. हा शब्द गाजला तो लांडग्यांवरून. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझलमधल्या प्राणिसंग्रहालयात, इकडून-तिकडून आणून एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची मारामारी बघून त्यांच्यातल्या वरचढपणाबद्दल लिहिलं, डेव्हिड मेक यांनी १९७० मध्ये आपल्या पुस्तकात ते सगळीकडं पोचवलं, आणि याच मेक यांनी पुढं जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं बघून १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातली टोळी म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं, वरचढ कोण याची लढाईबिढाई तिथं नसते, अल्फा म्हणणं सोडा. चिंपांझींमध्ये अल्फा नर असतो, ते खोटं नाही. पण प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक फ्रान्स द वाल यांनी नेदरलँड्समधल्या आर्नमच्या प्राणिसंग्रहालयात चिंपांझींचा कित्येक वर्षं अभ्यास केला, त्यांचं म्हणणं होतं की टिकणारा अल्फा बहुतेक वेळा भांडणं सोडवतो, दुबळ्याच्या बाजूनं मध्ये पडतो, कुणी घाबरलं तर जवळ घेतो, नुसत्या ताकदीवर राहिलेल्याला दुसरे दोघं एक होऊन खाली ओढतात. तुझा दीर बघतो त्या व्हिडिओत हा भाग नसणार.

राहिलं ते "पुरुषाच्या रक्तातच नाही". दक्षिण अमेरिकेत मार्मोसेट म्हणून खारीएवढी माकडं आहेत, त्यांना जुळी होतात आणि ती पाठीवर वागवायचं काम बरंचसं बाप करतो, आई पाजायला घेते आणि परत देते. पण हे मी तुला फक्त माहितीसाठी सांगितलं, मार्मोसेट दाखवून नवऱ्याला टोमणा मारलास तर तूही दिराचंच काम केलंस, आपल्याला पाहिजे ते माकड शोधायचं आणि समोरच्याच्या तोंडावर मारायचं. माणसांचंच बघू. आफ्रिकेतल्या आका लोकांत मानववंशशास्त्रज्ञ बॅरी ह्युलेट राहिले, तिथं बाप दिवसातला जवळजवळ निम्मा वेळ बाळाच्या हाताच्या अंतरावर असतो, घेतो, झोपवतो. आणि फिलिपिन्समध्ये सेबूला सहाशेच्या वर तरुणांची तपासणी एकदा आणि परत चार-पाच वर्षांनी केली, २०११ मध्ये छापलं ते, तर आधी लग्न-मूल नसलेले जे मधल्या काळात बाप झाले त्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ज्याच्या जोरावर हे अल्फावाले उड्या मारतात तेच हार्मोन, चांगलंच उतरलं होतं, आणि जे रोज तीन तास किंवा जास्त बाळ सांभाळायचे त्यांचं, बाळ अजिबात न सांभाळणाऱ्या बापांपेक्षा कमी. तपासणी लाळेवरून केली होती, तेव्हा रक्ताचं माहीत नाही म्हणावं, लाळेत मात्र सापडलं. बापाचं शरीरसुद्धा बाळ हातात आलं की बदलतं, हातातच घेतलं नाही तर कसं बदलणार.

एवढं सगळं मी लिहिलं ते तुझ्या डोक्यातलं ते "विज्ञानच असं म्हणतं" काढून टाकायला. हे घेऊन दिराशी वाद घालायला जाऊ नको. तू धारवाड सांगशील, तो दुसरा व्हिडिओ काढेल, ते संपायचं नाही. आणि खरं सांगू का, वानरीण पिल्लू देते म्हणून तुला नोकरीला जायची परवानगी मिळत नाही, आणि देत नसती तरी तुझी गेली नसती. उद्या तुलाच वाटलं की अजून वर्षभर घरी राहते, तर त्यालाही कुठल्या माकडाची साक्ष नको. तुझं पत्र मी परत परत वाचलं, मला तरी त्यात दिरापेक्षा मोठी अडचण ही दिसते की तुमच्या घरात तीन माणसं मनातलं जेवणाच्या ताटावर बोलत नाहीत, आणि मग जो मोठ्यानं बोलतो त्याचं खरं होतंय.

तेव्हा आधी सासूबाईंकडं जा, एकट्यात, आणि "बघाल ना" एवढ्यावर सोडू नको. त्या मनापासून म्हणत असतील, पण खानापूर भाग म्हणजे भाताचा, जूनला पेरणी-तरवं, जुलैला रोप लावणी, तेव्हा त्या चिखलात असणार की घरात? गुडघे कसे आहेत? तुझी मुलगी आता रांगायला लागली असेल, तिच्यामागं पळणं हे झोपलेलं बाळ मांडीवर घेऊन बसण्यासारखं नाही. आजीनं नातवंडं सांभाळायलाच जन्म घेतलाय असा अर्थ हाझा बायकांवरून काढू नको, त्यांना विचार की आठवड्यातले किती दिवस जमेल, कधी नाही जमणार, आणि लावणीच्या दिवसांत त्यांच्या बदली शेतात एक बाई लावायचे पैसे तुझ्या पगारातून देता येतात का ते बघ. पगार किती ते तू लिहिलं नाहीस, पण घरात तो विषय निघणारच, तेव्हा आधीच आकडे मांडून ठेव. जायचा-यायचा खर्च तरी नाही, कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत साध्या लाल बसला बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत.

मग नवरा. "तुमचं तुम्ही ठरवा" हे ऐकायला चांगलं वाटतं पण पोरगी त्याचीही आहे, त्यात तुमचं-आमचं काय. त्याला विचारायचं ते नोकरी करू का असं नाही, शिफ्टचा कागद समोर ठेवून विचार. ज्या आठवड्यात त्याची सेकंड शिफ्ट असते तेव्हा तो सकाळी घरीच असतो ना, दुपारी निघेपर्यंत पोरगी त्याच्याकडं. नाईट असली तर त्याला झोपायला लागणार, तो आठवडा दुसऱ्याचा. फर्स्ट शिफ्टचा आठवडा सासूबाईंचा. असं महिन्याचं मांडलं की कळेल नक्की किती तास उघडे पडतात, बहुतेक तुला वाटतंय त्यापेक्षा कमी निघतील. त्या उघड्या तासांसाठी शेजारी कुणी आहे का बघ, आपल्याकडं शेजारच्या कन्नड अज्जीच्या मांडीवर वाढलेली आणि म्हणून दोन्ही भाषा चुरूचुरू बोलणारी पोरं किती सांगू. शिवाय ग्रामपंचायतीची कूसिन मने, म्हणजे सरकारी पाळणाघरं, २०२३ नंतर बऱ्याच गावांत सुरू झाली, मूळ रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांसाठी आहेत ती, तुमच्या पंचायतीत आहे का आणि तुझ्या मुलीला घेतील का हे पीडीओंना, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना जाऊन विचार.

मुलीचं वय मात्र लक्षात घे. आठ-नऊ महिन्यांपासून पोरं अनोळखी माणूस बघून भोकाड पसरतात, आई नजरेआड झाली तरी रडतात, ते लक्षण चांगलंच आहे, तिला माणसं ओळखू यायला लागलीत. पण जूनच्या पहिल्या दिवशी एकदम सोडून गेलीस तर दोघींचे हाल होतील. आत्तापासून रोज थोडा थोडा वेळ जे सांभाळणार त्यांच्यापाशी ठेव, आधी तू घरात असताना, मग बाहेर जाऊन. माणसं दोन-तीनच असू देत पण तीच तीच असू देत, रोज नवीन हात नकोत. जाताना लपून पळू नको, सांगून जा, रडली तरी. दूध तोडायचं काही कारण नाही, सकाळी, आल्यावर आणि रात्री पाज, मधल्या वेळेला नाचणीचं सत्त्व, मऊ भात-वरण चालू असेलच, आणि दूध काढून ठेवायचं असेल तर कसं ठेवायचं ते आशाताईंना नाहीतर डॉक्टरांना विचार.

"मी वाईट आई आहे" हे तू लिहिलंस ते मी सोडून देत नाही. बाळ झोपलेलं असतानाही तुला झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, कशात मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर ते दिराच्या बोलण्यापुरतं नाही, बाळंतपणानंतर वर्षभरात असं होऊ शकतं आणि त्याला उपचार असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना सांग, नाहीतर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, आपल्या भाषेत बोलता येतं. हे नोकरीचं ठरायची वाट न बघता कर.

दिराचं काय करायचं? माझा सल्ला जरा उलटा वाटेल. सासूबाई आणि नवरा यांच्याशी ठरलं की मग जेवताना सगळ्यांसमोर सांगायचं, आणि ते नवऱ्यानं, तू नाही. आमचं ठरलंय, ती जूनपासून जाणार, असं एक वाक्य, सोबत निसर्गाचं भाषण नको. आणि दिराला कामाला लाव. घरात सगळ्यात जास्त वेळ त्याच्याकडंच आहे. भावजी, शनिवारी सकाळी दोन तास पोरीला तुम्ही घ्या, एवढं हसून म्हण. पहिल्यांदा उलटं धरेल, घाबरेल, पाचव्या मिनिटाला हाका मारेल, तेव्हा लगेच धावत जाऊ नको, सासूबाई आहेतच जवळ. तरण्या वानरी पण अशाच शिकतात. काका म्हणून पोरगी त्याच्या मिशा ओढायला लागली की तो व्हिडिओ बघणं सोडेल याची गॅरंटी मी देत नाही, पण तोवर तुझी बस स्टँडवरून सुटलेली असेल.

शाळेला लगेच हो म्हणू नको. आधी विचार की दिवाळीपर्यंत अर्धा दिवस चालेल का, किंवा पहिले तास द्याल का, म्हणजे दुपारच्या बसनं परत येता येईल. बऱ्याच शाळांना जूनमध्ये नवीन बाई शोधण्यापेक्षा जुनी सवयीची बाई परवडते, तेव्हा मागायला लाजू नको. आणि जे ठरेल ते नुसतं फोनवर नको, पगार आणि वेळ दोन्ही व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घे.